पीजे गेली. तिचे फोटो कुणाकडे आहेत?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

पाचोरा ते जामनेर, ५६ किलोमीटर, अडीच फुटांचा अरुंद रूळ. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावं घेत जाणारी आपली 'पीजे'. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती थांबली, आणि पुन्हा धावलीच नाही. आता तिथे ब्रॉडगेज होणार आहे, बोदवडपर्यंत जाणार आहे. चांगलं आहे. जामनेरच्या माणसाला मोठी गाडी मिळायलाच हवी, त्यात वाद नाही.

पण शंभर वर्षांहून जास्त काळ जी गाडी आपल्या तालुक्यांतून गेली, जिने कापूस नेला, बाजारकरू नेले, कॉलेजची पोरं नेली, लग्नाची वऱ्हाडं नेली, तिचे चांगले फोटो तुमच्या घरात किती आहेत? वाफेच्या इंजिनाचे तर सोडाच, डिझेलचे किती? बहुतेकांकडे शेवटच्या काही वर्षांतले मोबाईलवरचे दोन-चार निघतील. त्याआधीची पीजे फक्त म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरली आहे.

म्हणून आज त्या पोरांबद्दल लिहितोय ज्यांना आपण हसतो. खांद्याला कॅमेरा, नाहीतर हातात साधा मोबाईल, आणि भर उन्हात पुलावर उभं राहून मालगाडीची वाट बघणारी पोरं. "काय रे भो, कोळशाच्या गाडीचा काय फोटो काढतो?" असं त्यांना गावात विचारतात. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

रूळ आले कापसासाठी

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचं लक्ष ठाण्यावर नव्हतं. त्यांना सह्याद्री ओलांडून खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरावर आणायचा होता. तोपर्यंत हा कापूस बैलगाड्यांनी आणि बैलांच्या पाठीवरून घाट उतरायचा. वाटेत भिजायचा, मातीने भरायचा, आणि पोहोचेपर्यंत भाव पडलेला असायचा.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. नेमक्या त्याच काळात खानदेशात रूळ पडत होते. १ जानेवारी १८६५ ला कसाऱ्याचा थळ घाट पुरा होऊन खुला झाला आणि खानदेश मुंबईला सलग जोडला गेला. त्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचा भाव कोसळला, हाही इतिहासच. पण रूळ राहिले. पुढे १८६६ ला खांडवा आणि १८६७ ला नागपूर जोडलं गेलं.

जळगावचं व्यापारी गाव म्हणून नाव झालं ते याच कापसावर आणि याच रुळावर. भुसावळ तर गाडीनेच घडवलं.

भुसावळच का?

नव्या पिढीला वाटतं, भुसावळ मोठं जंक्शन आहे म्हणून तिथे शेड आहे. खरं तर वाफेच्या इंजिनाची तहान-भूक हे त्यामागचं मोठं कारण.

वाफेचं इंजिन जनावरासारखं होतं. त्याला कोळसा लागायचा, पाणी लागायचं, ठराविक अंतरावर भट्टीतली राख काढावी लागायची. ड्रायव्हर-फायरमन तर काही तासांत गळून जायचे. त्यामुळे दर काही मैलांवर इंजिन आणि माणसं बदलायची सोय करावी लागे. मुंबईहून सुमारे ४४५ किलोमीटरवर, तापीचं पाणी जवळ, आणि इथून एक फाटा खांडवा-इटारसीला, दुसरा अकोला-नागपूरला. जागा ठरलीच. शेड आली, यार्ड आलं, रेल्वेच्या चाळी आल्या, शाळा-दवाखाना आला. भोंग्यावर जेवणं-झोपणं ठरणारं गाव उभं राहिलं.

या कामाची भाषाही वेगळी होती. फायरमन, शंटर, पॉइंट्समन, गँगमन, खलाशी, रनिंग रूम. मालाच्या डब्याला 'वाघीण' हा शब्द इंग्रजी वॅगनवरून आला, पण तो ऐकताना असं वाटतं की आपल्याच कुणीतरी डरकाळी ऐकून ठेवला असावा.

मालगाडीची वाफेची इंजिनं म्हटलं की स्वातंत्र्यानंतरच्या काळात 'डब्ल्यूजी'. १९५० पासून ही इंजिनं आली. चित्तरंजनच्या कारखान्यातून निघालेलं पहिलं इंजिन याच जातीचं, नाव 'देशबंधू'. या जातीची एकूण २,४५० इंजिनं झाली. प्रवासी गाड्यांना 'डब्ल्यूपी', समोरून बंदुकीच्या गोळीसारखं गोल नाक असलेलं. १९७० साली चित्तरंजनने ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन काढलं, त्याला नाव दिलं 'अंतिम सितारा'.

इथे एक गंमत सांगतो. फोटो काढणाऱ्याला इंजिनातून काळाकुट्ट धूर हवा असतो. फायरमनच्या हिशेबात तोच काळा धूर म्हणजे नीट न जळता वाया गेलेला कोळसा. चांगल्या फायरमनचं इंजिन कमी धूर करी. पांढरे ढग दिसतात ती मात्र वाफ. बाहेर निघालेल्या वाफेचे थंड हवेत लगेच बारीक थेंब होतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इंजिन सगळ्यात देखणं दिसायचं. जुना सुंदर फोटो पाहताना हे लक्षात ठेवा. ज्या थंडीत फोटोवाला खुश होता, त्याच थंडीत फायरमनचं तोंड भट्टीपुढे भाजत होतं आणि पाठ गारठत होती.

फाटे: धुळे, सुरत, जामनेर

मुख्य मार्ग चाळीसगाव-पाचोरा-जळगाव-भुसावळ असा गेला आणि धुळे बाजूला राहिलं. जिल्ह्याचं ठाणं, कापसाची पेठ, पण स्टेशन नाही. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा झाला. जामदा, शिरूड, बोरविहीर करत ५६ किलोमीटर. गंमत बघा, पीजेही ५६ आणि हाही ५६. साधारण त्याच काळात सुरतकडून तापीच्या खोऱ्यातून आलेला मार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला मिळाला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेला मुख्य मार्ग आला, पश्चिमेच्या वाट्याला फाटे. धुळ्याच्या लोकांची 'आम्ही शेवटच्या स्टेशनावरचे' ही तक्रार तेव्हापासूनची आहे, आणि ती खोटी नाही. सव्वाशे वर्षं झाली, गाडी धुळ्याला येते आणि आल्या वाटेने परत जाते.

या सगळ्या गोष्टींची कागदोपत्री नोंद आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये रेल्वेचं वर्णन सापडतं. पण त्यात माणसं नाहीत. भट्टीत कोळसा टाकणारा दिसत नाही, वाघिणीत कापसाच्या गाठी चढवणारा हमाल दिसत नाही, रुळावर हातोडा घेऊन चालणारा गँगमन दिसत नाही. कंपनीने आकडे लिहिले, चेहरे लिहिले नाहीत.

आपल्याकडे फोटो का नाहीत?

पहिलं कारण, कॅमेरा महाग होता. रीळ महाग, धुणं महाग. घरात फोटो निघायचा तो लग्नात नाहीतर स्टुडिओत. इंजिनावर रीळ कोण वाया घालवणार?

दुसरं कारण, भीती. पूल, स्टेशन, यार्ड यांचे फोटो काढले तर पोलीस पकडतील ही धास्ती आपल्या मनात कायम होती. युद्धांच्या काळात ती आणखी वाढली. फोटो काढायला कुणी उभा राहिला की चार लोक विचारणार, "कुणाचा माणूस?"

तिसरं कारण जास्त खोल आहे. जे रोज दिसतं त्याची किंमत वाटत नाही. भुसावळमध्ये ज्याच्या बापाचे कपडे रोज कोळशाने काळे व्हायचे, त्याला त्या कोळशात सौंदर्य कसं दिसावं?

छायाचित्रणात आपण मागे होतो म्हणावं तर तसंही नाही. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) हे देशातल्या मोठ्या छायाचित्रकारांपैकी एक. त्यांचं घर चाळीसगाव स्टेशनजवळच. जवळजवळ पन्नास वर्षं हा माणूस घराबाहेर फारसा पडलाच नाही, आणि रात्रीच्या मेल गाडीने कुणीतरी येईल म्हणून वाट बघत राहायचा अशी आख्यायिका आजही सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण त्यांचं बरंचसं काम चार भिंतींच्या आत, टेबलावर मांडलेल्या छोट्या जगाचं होतं. गाड्या बाहेरून जात राहिल्या.

मग आपल्या गाड्यांचे फोटो काढले कुणी? बऱ्याच अंशी परदेशी माणसांनी. ब्रिटनमध्ये मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं १९६८ च्या ऑगस्टमध्ये संपली. तिथल्या वेड्या लोकांना मग भारत दिसला. इथे अजून वाफ होती, तीही मोठ्या आणि छोट्या सगळ्या रुळांवर. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ही मंडळी रंगीत रीळ घेऊन देशभर फिरली. म्हणून आज आपल्या देशातल्या एखाद्या फाट्यावरच्या इंजिनाचा स्वच्छ फोटो हवा असेल तर तो इंग्लंडमधल्या कुणाच्या तरी माळ्यावरच्या खोक्यात सापडण्याची शक्यता जास्त. त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण त्यांना इंजिनाचा नंबर माहीत होता, ड्रायव्हरचं नाव माहीत नव्हतं. ते आपल्याला माहीत होतं, आणि आपण लिहून ठेवलं नाही.

अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक नावाचा छायाचित्रकार होऊन गेला. १९५५ ते १९६० या काळात त्याने नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं टिपली, तीही मुख्यतः रात्री, अनेक दिवे एकदम पेटवून. त्याचे फोटो मोठे ठरले ते इंजिनामुळे तर आहेच, पण त्यात आजूबाजूचं गाव आहे. अंगणात बसलेली माणसं, दुकानदार, पोरंटोरं, आणि मागून जाणारी गाडी. गाडीचा फोटो असा काढला की तो गावाचा इतिहास होतो.

वाफ संपली

मुंबई ते इगतपुरी विजेची गाडी ब्रिटिश काळातच आली होती. इगतपुरी-भुसावळ मार्गावर वीज आली ती साठच्या दशकाच्या अखेरीस. तिथून मुख्य मार्गावरची वाफ मागे हटू लागली. शंटिंगला आणि फाट्यांवर ती आणखी काही वर्षं टिकली. आपल्याच भुसावळ विभागातली विदर्भातली 'शकुंतला', मूर्तिजापूरची अरुंद गाडी, १९२१ साली बनलेलं इंजिन सत्तर वर्षं वापरत राहिली. १५ एप्रिल १९९४ ला तिथे डिझेल लागलं. देशात ब्रॉडगेजवर नियमित वाफेची गाडी शेवटची धावली ती ६ डिसेंबर १९९५ ला, पंजाबात, जालंधर-फिरोजपूर मार्गावर.

दार्जिलिंगची छोटी गाडी १९९९ मध्ये जागतिक वारसा झाली. पुढे निलगिरी, मग कालका-सिमला. त्या डोंगरातल्या होत्या, पर्यटक येत होते. पीजे आणि शकुंतला कापसाच्या शेतांतून जायच्या. त्यांच्या वाट्याला वारसा आला नाही, फक्त तोटा आला.

हिशेब करा. १९८५ ला बावीस वर्षांचा असलेला फायरमन आज साठीच्या पुढे आहे. त्याहून जुने तर झपाट्याने चाललेत. १९७४ च्या मे महिन्यातला वीस दिवसांचा संप ज्यांनी कामगार म्हणून पाहिला, ते आता सत्तरीच्या पलीकडे. हे लोक आहेत तोवरच जुन्या फोटोतलं कोण कोण आहे ते कळणार. नंतर तो फोटो नुसता कागद.

आजची मालगाडी म्हणजे उद्याचा इतिहास

आता त्या पोरांकडे येऊ.

मालगाडीला प्रवासी गाडीसारखं छापील वेळापत्रक नसतं. म्हणून तिचा फोटो काढणाऱ्याला थांबावं लागतं. दीपनगरच्या औष्णिक केंद्राकडे जाणारी कोळशाची गाडी घ्या. साधारण ५८-५९ वाघिणी, सहाशे मीटरच्या वर लांबी, पावणेचार-चार हजार टन कोळसा. आपल्या घरातला पंखा फिरतो त्यामागे अशी गाडी असते. मनमाडजवळच्या पानेवाडीचे तेलाचे टँकर, धान्याच्या बंद वाघिणी, सिमेंट, कंटेनर. एक दिवस पुलावर उभं राहा, जिल्ह्याचा जमाखर्च डोळ्यांपुढून जातो.

फोटोत वाचायला येणाऱ्यासाठी बरंच असतं. वाघिणीवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन कोणत्या रेल्वेची, त्यापुढचे दोन कोणत्या वर्षी बनली. मग चार आकडे तिचा स्वतःचा नंबर आणि शेवटचा तपासणीचा. इंजिनावर त्याच्या शेडचं नाव असतं. 'बीएसएल' दिसलं की समजायचं, आपल्या भुसावळचं. त्यात तारीख आणि जागा लिहिली की तो फोटो पुरावा होतो.

केळीचं उदाहरण घ्या. रावेर, सावदा, निंभोरा या स्टेशनांतून दिल्लीकडे केळीच्या वाघिणी भरून जायच्या. स्टेशनाबाहेर गाड्यांची रांग, घडांचे ढीग, हमालांचा गलका. मग केळी ट्रकवर गेली, कारण ट्रक बागेच्या बांधापर्यंत येतो. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली, भाड्यात निम्मी सवलत मिळाली आणि केळी पुन्हा रुळावर आली. २०२२ मध्ये सवलत थांबली. शेतकरी आंदोलनात, निवेदनात आपण म्हणतो, "पूर्वी इथून रेक भरून जायचे." अधिकारी विचारतो, पुरावा? तेव्हा एखाद्या पोराने काढलेला, तारीख टाकलेला फोटो दहा भाषणांपेक्षा जास्त कामाचा असतो.

आणि येणारी वर्षं मोठ्या बदलाची आहेत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्राने मंजुरी दिली, तो धुळ्यावरून जाणार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जळगाव-मनमाड चौथी आणि भुसावळ-खांडवा तिसरी-चौथी लाईन मंजूर झाली. म्हणजे जुने पूल, जुन्या केबिन, दगडी इमारती, फलाटावरची जुनी झाडं यातलं बरंच जाणार. व्हायलाच हवं. धुळ्याने सव्वाशे वर्षं वाट पाहिली आहे. पण जे जाणार आहे त्याचा फोटो जाण्याआधी काढायचा असतो.

पण जिवाशी खेळू नका

हे स्पष्ट लिहितो, कारण माझी पोस्ट वाचून कुणी रुळावर गेलं तर ते मला चालणार नाही.

२२ जानेवारी २०२५ आपण विसरलेलो नाही. पाचोऱ्याजवळ माहेजी आणि परधाडे यांच्यामध्ये पुष्पक एक्सप्रेसमधून आगीच्या अफवेने लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली डझनभर जीव गेले. ते फोटोवाले नव्हते, घाबरलेले प्रवासी होते. पण धडा तोच आहे. वेगात येणारी गाडी वाटते त्याहून लवकर पोहोचते आणि ब्रेक लावला तरी जागेवर थांबत नाही.

रुळावर उभं राहून रील काढणं ही हौस नाही, मूर्खपणा आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. तिला हात लागायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी वीज उडी मारते. उभ्या वाघिणीवर फोटोसाठी चढलेली पोरं अशीच गेली आहेत. चांगला फोटो हद्दीबाहेरच्या बांधावरून, रस्त्याच्या उड्डाणपुलावरून, शेतमालकाला विचारून त्याच्या विहिरीजवळून निघतो. सकाळचं तिरपं ऊन पाठीशी घ्या, पुढे कपाशी नाहीतर केळीची बाग ठेवा. आपल्यासारखी जागा दुसरीकडे नाही.

रेल्वेकडेही मागणं आहे. व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते, मान्य. पण हौशी पोराला फलाटावर काय चालतं आणि काय नाही, हे मराठीत लिहिलेला एक साधा फलक प्रत्येक मोठ्या स्टेशनवर लावा. नियम माहीत नसला की शिपाईही दरडावतो आणि पोरगंही लपूनछपून चुकीच्या जागी जातं.

आता आपण काय करायचं?

तीन कामं आहेत, पैसा लागत नाही.

एक. घरातले जुने ट्रंक, अल्बम उघडा. निरोप समारंभाचा फोटो असेल, शेडमधला असेल, पीजेच्या दारात उभ्या असलेल्या आत्याचा असेल. मोबाईलने त्याची चांगली प्रत काढा. मूळ फोटो कुणालाही देऊ नका.

दोन. घरात किंवा गल्लीत निवृत्त रेल्वेवाला असेल तर तो फोटो त्यांच्यापुढे ठेवा. कोण, कुठे, साधारण कोणतं वर्ष, एवढंच विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा. शाई नको, ती पुढे उतरते. बोलणं रेकॉर्ड करा. अहिराणीत बोलले तर अहिराणीतच राहू द्या.

तीन. पोरांनो, तुम्ही काढलेल्या प्रत्येक फोटोला तारीख आणि जागा लिहा. आणि दहातल्या एका फोटोत तरी माणूस येऊ द्या. फाटकवाला, गँगमन, हमाल, टोपली घेऊन बसलेली मावशी.

अशा प्रती जमल्या तर आपल्या भागातल्या एखाद्या वाचनालयात, नाहीतर महाविद्यालयाच्या इतिहास विभागात त्यांचा एक संच ठेवता येईल. मी त्यासाठी बोलायला तयार आहे. नाव न छापण्याची इच्छा असेल तर छापणार नाही.

जामनेरला ब्रॉडगेजची पहिली गाडी येईल त्या दिवशी हजारो मोबाईल वर होतील. त्या दिवशी एखादं पोरगं आजीला विचारेल, "आधीची गाडी कशी होती गं?" तेव्हा आजीकडे बोट दाखवायला काहीतरी असू द्या.